ओला चेंडू

मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात, एवढं फुटबॉल मलासुद्धा कळतं. ऑफसाइड म्हणजे काय ते मला या जन्मात नीट समजलं नाही, आणि आता समजून घ्यायची इच्छाही नाही. पण बाजू बदलतात हे कळतं. ज्या माणसानं मला ते शिकवलं, तोच त्या दिवशी ते विसरला.

मुलींच्या संघाची उपांत्य फेरी होती. आमचे हे त्यांचे कोच, आमची नात मधल्या फळीत, आणि मी पत्र्याच्या शेडखाली पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसलेली. पहिला हाफ चांगला गेला. दुसरा सुरू झाला आणि हे रेषेवर उभे राहून ओरडायला लागले, की पुढे चला, दाबून ठेवा त्यांना. हात मात्र आपल्याच गोलकडे. मुलींना वाटलं सरांची काहीतरी नवी चाल असेल, कारण सरांच्या चाली आधी कुणालाच कळत नाहीत. मग ह्यांनी घसा फोडून सांगितलं, की ती गोलकीपर डावीकडे कच्ची आहे, खालून डावीकडे मारा.

ती गोलकीपर आमचीच होती. तिच्या त्या डाव्या बाजूवर हेच रोज मेहनत घेत होते. समोरच्या मुली काही बहिऱ्या नव्हत्या. त्यांचा पुढचाच फटका नेमका तिथे बसला.

गोल झाला आणि ह्यांनी दोन्ही हात वर करून उडी मारली.

लोक हसले. समोरचा कोच तर गुडघ्यावर हात टेकून हसत होता. आमची गोलकीपर चेंडू न उचलता तशीच बसून राहिली. नात मैदानाच्या मधोमध उभी राहून माझ्याकडे बघत होती. हातातली बाटली कलंडून पाणी साडीवर सांडतंय हेसुद्धा मला कळलं नाही. घरी चालत येताना चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून हे समाधानानं म्हणाले, जिंकलो एकदाचे.

ह्यांना सगळे हातोडा म्हणायचे. पायांत फार कला नव्हती. ते स्वतःच कबूल करायचे. पण हवेतला चेंडू ह्यांच्या कपाळाला लागला की त्याची दिशाच बदलायची. कारखान्याच्या संघात ह्यांना घेतलं ते त्या कपाळासाठी, भांडारात नोकरी दिली तीही त्याच कपाळासाठी. सामान मोजायला बसवलेला माणूस कधी सामान मोजताना कुणाला दिसला नाही. दुपार झाली की स्वारी मैदानावर.

मला ते पहिल्यांदा दिसले तेसुद्धा कपाळानंच. मी तेव्हा एका शिवणकामाच्या दुकानात संघांच्या जर्सीवर आकडे शिवायची. हे दुकानात आले ते डोक्याला हे भलं मोठं बँडेज गुंडाळून. तेव्हाच्या चेंडूला बाहेरून चामड्याची लेस असायची आणि ती लागली की कातडी फाटायची. नवी जर्सी डोक्यातून जाईना म्हणून गळा उसवून मोठा करून हवा होता, आणि तोही लगेच, कारण तासाभरात मॅच होती. मी म्हटलं, टाके घातलेल्या डोक्यानं कोण खेळतं? ते म्हणाले, टाके कपाळाला आहेत, चेंडू मी थोडा वरच्या बाजूनं मारीन. मी गळा उसवला. मालकानं मला मॅच बघायला सोडलं नाही, पण संध्याकाळी हे स्वतःच सांगायला आले, की दोन गोल केले. जर्सीच्या गळ्याला रक्त होतं. मला तेव्हा वाटलं, काय शूर माणूस आहे. वय असतं एकेक.

गुडघा गेला तेव्हा ह्यांचा खेळ संपला. देशाच्या संघाच्या सरावाला बोलावणं आलं होतं, तिथेच गुडघा फिरला आणि काठी टेकत घरी आले. मला वाटलं आता माणूस खचणार. पण महिन्याभरात क्लबानं पोरांना शिकवायला ठेवलं, आणि खरं सांगायचं तर खेळण्यापेक्षा शिकवण्यातच ह्यांचा जीव जास्त रमला.

त्यांची एक पद्धत होती, आणि तिच्यासाठी लांबून लांबून आईबाप पोरं घेऊन यायचे. मैदानाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ, लोखंडी खांबाला आडवा दांडा लावला होता. त्याला दोरीनं चेंडू टांगलेला. रात्रभर तो चेंडू बादलीत बुडवून ठेवायचा आणि सकाळी निथळत टांगायचा. प्लास्टिकचे, पाणी न पिणारे चेंडू आले तरी ह्यांनी जुना चामड्याचा चेंडू सोडला नाही. त्या वजनदार गोळ्यावर रांगेनं पोरांनी कपाळ आपटायचं. 'डोळे उघडे,' हे ओरडायचे. 'चेंडूनं तुम्हाला मारायचं नाही, तुम्ही चेंडूला मारायचं.' ओल्या चेंडूवर डोकं तयार झालं की कोरड्याला कोण विचारतो, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खोटंही नव्हतं. ह्यांच्या पोरांसमोर उंच चेंडू टाकायला बाकीचे क्लब घाबरायचे.

त्या रांगेत आमचा मुलगाही होता. बापासारखाच उंच, रुंद कपाळाचा. चौदाव्या वर्षी तो घरी येऊन अंधारात पडायला लागला. डोक्यात शिट्टी वाजते म्हणायचा. एकदा रांगेत त्यानं चेंडूसमोर डोळे मिटले, आणि सगळ्या पोरांदेखत हे त्याला म्हणाले, 'कचखाऊ आहेस तू. माझ्या पोटी कसा आलास?'

दुसऱ्या दिवसापासून मुलगा मैदानावर गेला नाही. तो शिकला, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला, लग्न झालं, मुलगी झाली. आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतो. पण बाप आणि लेक यांच्यात जे काही बोलणं व्हायचं ते माझ्यामार्फत. एका ताटाएवढ्या अंतरावर बसलेला माणूस मला म्हणायचा, त्याला विचार भाजी हवी का. आणि दुसरा मला म्हणायचा, त्यांना सांग पुरे. मी या घरची बायको कमी आणि टपालखातं जास्त.

नात मात्र आजोबांच्या मागे लागली. कुणी बोलावलं नाही, कुणी शिकवलं नाही, एक दिवस सरळ रांगेत जाऊन उभी राहिली. मुलाला कळलं तेव्हा त्यानं मला निरोप दिला, की तिला खेळू दे, पण पायानं खेळू दे, त्या दोरीखाली उभी करू नका. मी निरोप पोचवला. हे हसून म्हणाले, पाय काय, गाढवालाही चार असतात. नात दोरीखाली उभी राहिली आणि डोळे सताड उघडे ठेवून चेंडू मारला. त्या रात्री हे जेवायला दोन पोळ्या जास्त खाऊन उठले. मुलगा मात्र ताटावरून अर्ध्यात उठला.

गेल्या वर्षभरात ह्यांचं काहीबाही चुकायला लागलं होतं. नातीला चुकून जुन्या संघातल्या लेफ्ट विंगरच्या टोपणनावानं हाक मारायचे. एकदा मॅचसाठी बाराजणींना उतरवलं, आणि पंचानं विचारलं तर पंचावरच चिडले. शिट्टी गळ्यात असायची आणि घरभर शिट्टी शोधायचे. मी चिडवायची, साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काय उगाच? तेही हसायचे. त्या उपांत्य फेरीनंतर मात्र मला ती म्हण तोंडातून काढवेना.

मुलगा ज्या इस्पितळाच्या लिफ्ट बघतो, तिथे त्यानं परस्पर डॉक्टरांची वेळ घेतली. त्यानं मला तयार राहा एवढंच सांगितलं, आणि तोही बरोबर आला. हे वाटेत दोनदा म्हणाले, की माझा गुडघा आता बरा आहे, कशाला डॉक्टर.

डॉक्टर बाई लहान होत्या, आमच्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी ह्यांना आकडे उलटे म्हणायला लावले, चित्रं काढायला लावली, आणि मोठ्या यंत्रात घालून डोक्याचे फोटो काढले. फोटो उजेडापुढे धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, की तुम्ही तरुणपणी बॉक्सिंग करत होता का?

ह्यांना हसू आलं. म्हणाले, बॉक्सिंग कसलं, मी कुणाला हातसुद्धा लावला नाही कधी. आमच्या खेळात हात लावला की शिट्टी. मग बाईंनी विचारलं, की डोक्यानं चेंडू मारायचात का? ते ऐकून हे खुर्चीतून उठूनच उभे राहिले. तिथल्या तिथे मान मागे घेऊन, कंबर वाकवून, कसं मारायचं ते करून दाखवलं. ओला चेंडू, दोरी, खांब, सगळं सांगितलं. इतके खुश होते, की कुणीतरी मुलाखत घ्यायला आलंय असं वाटावं. बाई लिहायच्या थांबल्या होत्या.

मग बाईंनी सांगितलं. खात्रीनं काहीच म्हणता येत नाही, पण ज्यांच्या डोक्याला वर्षानुवर्षं असे दणके बसतात त्यांच्या मेंदूत असं दिसतं. मागे फिरवता येत नाही. हळूहळू वाढत जाईल. मला बाईंचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द मागाहून येत होते. ज्या कपाळानं आम्हाला घर दिलं, नोकरी दिली, चारचौघांत मान दिला, त्याच कपाळाच्या आत हे चाललं होतं, आणि मी रोज त्याच कपाळाला तेल चोळत होते.

ह्यांनी स्वतःबद्दल एक अक्षर विचारलं नाही. म्हणाले, 'आणि पोरांचं?'

'लहान मुलांना तर हे करूच देऊ नये,' बाई म्हणाल्या. 'त्यातून ओल्या, जड चेंडूनं.'

मला भीती होती ती मुलाची. इतक्या वर्षांचं तुंबलेलं आता बाहेर पडणार, आणि पडलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता. पण तो खाली बघत बसला होता. ह्यांच्या एका बुटाची नाडी सुटली होती. त्यानं वाकून ती बांधली. त्याच्या वाकलेल्या डोक्याकडे हे बघत राहिले. मग ते बोलले, माझ्यामार्फत नाही, सरळ त्याच्याशी.

'तुझं डोकं अजून दुखतं का?'

मुलगा नाडी बांधता बांधता थांबला. 'कधीकधी,' म्हणाला.

ह्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. मी माणसं मेलेली बघितली आहेत. इतका रंग उतरलेला चेहरा मी बघितला नव्हता.

दुसऱ्या सकाळी मी त्यांच्याबरोबर मैदानावर गेले. पोरं रांगेत उभी होती. ह्यांनी माळ्याकडून कोयती मागून घेतली आणि दोरी कापली. चेंडू थप्प करून मातीत पडला, उडालासुद्धा नाही. पोरांना त्यांनी सांगितलं, की आजपासून या मैदानावर कुणीही डोक्यानं चेंडू मारायचा नाही. मॅच हरलो तरी चालेल. 'मी चुकलो,' असं हे म्हणाले. चाळीस वर्षांत हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते, ह्यांनीच भाजीत मीठ जास्त टाकलं होतं तेव्हासुद्धा नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. नातीला त्यांनी बाजूला घेतलं आणि वचन मागितलं, की कुणीही सांगितलं तरी डोक्यानं मारायचं नाही. तिनं विचारलं, तुम्ही सांगितलं तरी? ते म्हणाले, मी सांगितलं तरी.

चेंडू घरी आणून पोटमाळ्यावर टाकला. त्या दुपारी हे जेवले नाहीत. एकेका जुन्या पोराचं टोपणनाव घेत बसले. अमका आता काय करतो, तमका भेटतो का कधी, त्याचं डोकं बरं आहे का. मला ज्यांचं माहीत होतं त्यांचं मी सांगत होते, आणि ज्यांचं माहीत नव्हतं त्यांचंही बरं आहे म्हणून सांगत होते. मुलगा कामावरून आल्यावर बापाजवळ जाऊन बसला. दोघं बोलले नाहीत फारसे, पण माझ्या टपालखात्याला सुट्टी मिळाली. मला वाटलं, उशिरा का होईना, या घरातली गाठ सुटली. वाईट बातमीनं का होईना.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी उठले तर कालचे ओले कपडे फरशीवर पडलेले. कपडे वाळत घालायची दोरी गायब. अंथरूण रिकामं. माळ्यावर बघायची गरजच नव्हती. मी तशीच, घरातल्या चपलांनी, मैदानाकडे धावत सुटले.

खांबाला माझी दोरी बांधलेली होती आणि दोरीला चेंडू, टपटप पाणी गळत असलेला. पोरं रांगेत उभी होती. कोचनं चेंडूला डोकं लावू नका म्हणून सांगितलं होतं, आणि कोचच आता लावा म्हणत होता. कुणाचं ऐकायचं ते बिचाऱ्यांना कळेना. आणि हे इतके ताजेतवाने, इतके आनंदात होते, की क्षणभर मलाच वाटलं, डॉक्टर, फोटो, सगळं मी स्वप्नात बघितलं की काय.

रांगेत सगळ्यात पुढे नात होती.

'डोळे उघडे,' हे ओरडले आणि चेंडू मागे ओढून सोडला. नात हलली नाही. चेंडू तिच्या कानाजवळून गेला आणि परत आला. ह्यांनी पुन्हा ओढून सोडला. ती पुन्हा तशीच, हात मागे बांधून. मग ते तिच्याजवळ गेले आणि मी इतक्या लांबून तो शब्द ऐकला. 'कचखाऊ आहेस तू.' तोच शब्द, तोच आवाज. मी हाक मारली, पण धावून धावून माझा श्वासच उरला नव्हता.

चेंडू तिसऱ्यांदा आला. पोरीनं दोन्ही हात पुढे केले आणि चेंडू छातीशी घट्ट धरला.

ह्यांची शिट्टी वाजली. विचार करून नाही, आपोआप वाजली. हात लागला की शिट्टी. आणि शिट्टी तोंडात तशीच ठेवून हे तिच्याकडे बघत राहिले. त्यांची स्वतःची नात, भर सरावात, हातानं चेंडू धरून उभी. ह्यांच्या लेखी याहून वाईट काही नव्हतं. तिची जर्सी भिजली होती. ती रडत होती, पण चेंडू सोडत नव्हती.

'तुम्हीच वचन घेतलंय, आजोबा,' ती म्हणाली.

त्यांना आठवेना. मी पोचले, दोरी सोडली, आणि तिथेच टाकीच्या कठड्यावर बसून त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. बॉक्सिंग, यंत्र, फोटो, पोरांना करू देऊ नये ते. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा पुन्हा तसाच झाला, रंग उतरलेला. पुन्हा पहिल्यांदाच. माझ्याच हातांनी मी तो घाव दुसऱ्यांदा घालत होते. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, मग आपल्या मुलाचं? त्यालाही मी त्या रांगेत उभा केला होता ना?

आता हे नेहमीचंच झालंय. सांगावं तर ते दर वेळी नव्यानं कोसळतात. न सांगावं तर कुठून तरी दोरी शोधतात, कारण क्लबात चेंडूंना तोटा नाही आणि ह्यांना ओळखणाऱ्या पोरांनाही नाही. म्हणून मी सांगते. सांगून झालं की ते दिवसभर दाराशी मुलाची वाट बघत बसतात. मी दुसरं काही बोलले तर ऐकत नाहीत.

काल संध्याकाळी मुलगा आला तेव्हाही हे दारातच होते. त्याच्या हातात हत्यारांची पिशवी होती आणि बाह्यांना काळं ग्रीस. ह्यांनी त्याला आत येऊच दिलं नाही. दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं, एखादा चेंडू हवा बरोबर आहे का ते बघायला धरावा तसं, आणि विचारलं, 'तुझं डोकं अजून दुखतं का?'

'नाही, बाबा,' मुलगा म्हणाला. 'ते कधीच थांबलं.'

ह्यांनी डोळे मिटले. मला वाटतं मी त्यांना जागेपणी असे डोळे मिटताना पहिल्यांदाच बघत होते. मग ते बाजूला झाले आणि त्याला म्हणाले, जा, हात धू, जेवायला बस.

मुलगा स्वयंपाकघरात आला, नळाखाली हात धुतले, आणि हळूच मला विचारलं, आई, डोकेदुखीची गोळी आहे का गं?